बाटलीवरची पांढरी रेघ मधे जळते, टोकांना विझते: स्ट्रिप सॉफ्टबॉक्सचं नेहमीचं दुखणं

आंबिया बहाराची संत्री बाजारात आली, की नागपुरातल्या छोट्या स्टुडिओंकडे सिरप, स्क्वॉश, मार्मालेड आणि संत्रा बर्फीच्या डब्यांची कामं सुरू होतात. त्यात काचेच्या बाटलीचं काम सगळ्यांत जास्त छळतं. बाटलीच्या दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत सरळ, सारखी, पांढरी रेघ हवी असते. स्ट्रिप सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यावर चढवायची, पुढे पांढरं कापड असलेली लांबट पेटी, त्यासाठीच घेतलेला असतो. आणि स्क्रीनवर दिसतं काय, तर रेघेच्या मधोमध एक जळका, म्हणजे फाजील उजेडाने पांढराफटक झालेला ठिपका, वरखाली राखाडी होत गेलेली शेपटं, आणि बुडाशी तर रेघच नाही. इतवारीतला गिऱ्हाईक बाजूला उभा राहून विचारतो, "भाऊ, हे मधात काय चमकून राहिलं?"

मग पॉवर कमी करून पाहतात, स्टँड मागे नेतात, शेवटी फोटोशॉपमध्ये ब्रशने रेघ ओढतात. पुढच्या बाटलीला पुन्हा तेच. या तिन्हींपैकी एकानेही मूळ दुखणं जात नाही, कारण बाटलीवर दिसणारी रेघ ही नुसता 'पडलेला प्रकाश' नाही. काच गुळगुळीत असते, म्हणून ती रेघ म्हणजे सॉफ्टबॉक्सच्या पुढच्या कापडाचं प्रतिबिंब असतं. कापड मधे जास्त उजळ असेल तर रेघही मधे उजळ दिसणार. पॉवर अर्धी केली की मधला भाग आणि टोकं दोन्ही अर्धी होतात, त्यांच्यातला फरक तसाच राहतो. तेव्हा आधी कापड तपासायचं, बाटली नंतर.

कापडाच्याही आधी दोन गोष्टी

पहिली म्हणजे शटर. फ्लॅश सिंकच्या मर्यादेच्या (ज्या वेगापर्यंत फ्लॅश पेटताना शटर पूर्ण उघडं असतं तिच्या) वर शटर गेलं की फ्रेमच्या एका बाजूला काळी पट्टी येते. कॅमेरा आडवा असेल तर ती वर किंवा खाली येते आणि 'स्ट्रिपचं टोक विझलं' असंच वाटतं. बऱ्याच कॅमेऱ्यांची सिंक १/२०० किंवा १/२५० लिहिलेली असते, पण स्वस्त रेडिओ ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅश पेटवणारं यंत्र) थोडा उशीर लावतो आणि १/२०० लाच पट्टी डोकावते. १/१२५ ला एक फ्रेम घ्या. फरक पडला तर स्ट्रिपचा काही दोष नव्हता.

दुसरी म्हणजे खोलीतला दिवा. फ्लॅश बंद ठेवा आणि त्याच सेटिंगवर एक फ्रेम काढा. ती पूर्ण काळी यायला हवी. बाटलीवर ट्यूबलाइटची बारीक रेष किंवा खिडकीचा चौकोन दिसत असेल, तर दिवे बंद करा, पडदे ओढा आणि मगच पुढे जा.

कापडाचाच फोटो काढा

हीच खरी तपासणी, आणि नेमकी हीच बहुतेक जण टाळतात. बाटली बाजूला ठेवा. कॅमेरा सॉफ्टबॉक्ससमोर सरळ लावा, सगळी स्ट्रिप फ्रेममध्ये येऊ द्या. आयएसओ १००, शटर १/१२५, अ‍ॅपर्चर एफ/८, फ्लॅश सगळ्यांत कमी पॉवरवर. कॅमेऱ्यात हायलाइटची लुकलुक चालू करा, म्हणजे जळलेला भाग स्क्रीनवर काळा-पांढरा मिचकावतो.

पहिल्या फोटोत बहुधा सगळंच जळलेलं येईल. अ‍ॅपर्चर एक-तृतीयांश स्टॉपने बंद करत जा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). एका टप्प्यावर टोकांची लुकलुक थांबते आणि मधे एक बेट उरतं. तो आकडा लिहून ठेवा. आणखी बंद करत गेलात की ते बेटही विझतं. तोही आकडा लिहा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे तुमच्या स्ट्रिपचा मध आणि टोक यांच्यातला फरक. उदाहरणार्थ, टोकं एफ/११ ला शांत झाली आणि मध एफ/१८ ला, तर फरक साधारण सव्वा ते दीड स्टॉपचा. एफ/२२ लाही सगळं जळलेलंच असेल तर लेन्सवर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावा. कॅमेरा मागे नेऊन उपयोग नाही, कापड लांबून लहान दिसेल पण तेवढंच उजळ दिसेल. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

माझं गणित असं: अर्ध्या स्टॉपपर्यंत फरक असेल तर त्या स्ट्रिपला हात लावू नका. एक स्टॉपपर्यंत असेल तर पुढे ट्रेसिंग पेपर लावून भागतं. त्याच्या वर गेला तर आत काहीतरी बिघडलेलं आहे, आणि ते उघडूनच पाहावं लागतं.

मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशमधला सतत पेटता छोटा दिवा) लावून नुसत्या डोळ्यांनी हा निर्णय घेऊ नका. अनेक मोनोलाइटमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या मोठ्या फ्लॅशमध्ये, तो दिवा मधोमध असतो आणि फ्लॅशची नळी त्याच्याभोवती गोल. दोघांचा पसारा वेगळा. शिवाय आपले डोळे फरक सावरून घेतात, कॅमेरा घेत नाही.

आत काय बिघडलेलं असतं

सगळ्यांत जास्त वेळा आतला पडदाच नसतो. स्ट्रिपबरोबर दोन कापडं येतात, एक पुढचं आणि एक मधे अडकवायचं. घाईत सेट लावताना मधलं कापड पिशवीतच राहतं, किंवा 'प्रकाश कमी होतो' म्हणून मुद्दाम काढून ठेवलेलं असतं. ते लावा. एवढ्यानेच निम्म्या तक्रारी संपतात. लावताना ते ताणून चारही कोपऱ्यांना अडकलं आहे ना, तेही बघा. एक हुक सुटला की कापड एका बाजूला लोंबतं आणि उजळ बेट मधून सरकून वरच्या किंवा खालच्या तिसऱ्या हिश्शात जाऊन बसतं.

दुसरं कारण दिव्याच्या डोक्याचं. ३०×१२० सेंमीची स्ट्रिप लांबीने रुंदीच्या चौपट असते. तिच्या टोकांपर्यंत पोचायचं तर प्रकाश आजूबाजूला पसरत निघायला हवा. ज्या मोनोलाइटची नळी बाहेर डोकावते, तिचा प्रकाश बाजूंनाही जातो आणि आतल्या चंदेरी कापडावर आपटून पुढे येतो. नळी आत खोल बसलेली असेल किंवा तोंडाला सपाट काच असेल, तर तो सरळ पुढेच जातो. ज्या बॅटरीवाल्या छोट्या फ्लॅशना फ्रेनेल (पुढे सपाट भिंग असलेलं) आणि बेअर बल्ब (नळी उघडी असलेलं) अशी दोन डोकी मिळतात, तिथे स्ट्रिपमध्ये बेअर बल्बच लावा. फ्रेनेल डोकं लावलेल्या स्ट्रिपमध्ये मधला ठिपका दुरूनही ओळखू येतो. सीओबी एलईडीचंही (एकाच चिपच्या सतत पेटणाऱ्या दिव्याचंही) तसंच, चिप सपाट असते आणि प्रकाश मुख्यतः समोर फेकते. त्याच्यावर पांढरा गोल डिफ्यूजर डोम मिळत असेल तर तो चढवा.

स्पीडलाइटवाल्यांसाठी (कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश वापरणाऱ्यांसाठी) एक वेगळी गोष्ट. स्पीडलाइटचं तोंड आडवं आयताकृती असतं आणि त्याचा प्रकाश त्या लांब बाजूकडे जास्त पसरतो. एस टाइप ब्रॅकेटमध्ये (स्पीडलाइट सॉफ्टबॉक्सला जोडणाऱ्या पकडीत) स्पीडलाइट सरळ बसवला आणि स्ट्रिप उभी लावली, की पसारा नेमका उलट्या दिशेला जातो: रुंदीला भरपूर, लांबीला तुटपुंजा. ब्रॅकेटची रिंग सैल करून स्ट्रिप अशी फिरवा, की फ्लॅशच्या तोंडाची लांब बाजू आणि स्ट्रिपची लांब बाजू एका दिशेला येतील. उभी स्ट्रिप हवी असेल तर ब्रॅकेटसकट फ्लॅश आडवा झोपवावा लागतो. ते विचित्र दिसतं, पण चालतं. झूम ऑटोवर सोडू नका. ट्रिगरवरून पेटवलेला फ्लॅश कधी १०५ मिमीवरच अडकलेला असतो आणि प्रकाश बारीक झोतात मधेच आपटतो. हाताने सगळ्यांत रुंद झूम द्या आणि तोंडावरची वाइड पॅनेलची काच ओढून खाली पाडा.

एवढं करूनही बेट उरलं तर आतल्या पडद्यावर ठिगळ लावायचं. त्याच पोताच्या पांढऱ्या कापडाचा, नसेल तर ट्रेसिंग पेपरचा, तळहाताएवढा लांबट तुकडा घ्या आणि मधोमध टाचण्यांनी टोचा. कडा सरळ कापू नका. कात्रीने दातेरी करा, नाहीतर ठिगळाची कडच पुढच्या कापडावर सावलीसारखी उमटते. पुन्हा कापडाचा फोटो काढा. कमी पडलं तर पहिल्यापेक्षा लहान दुसरा तुकडा वर चढवा. जास्त झालं तर मध काळा पडतो आणि रेघ कमरेत आवळल्यासारखी दिसते. गांधीबागेच्या कापडबाजारातून कापड आणलंत तर ते दिव्यासमोर धरून बघा. निळसर झाक असलेलं 'सुपर व्हाइट' घेऊ नका, फ्लॅशमध्ये ती झाक वाढते.

काड्या नीट बसल्या नसतील तर सॉफ्टबॉक्स एका टोकाला चपटा होतो. तो बाजूने पाहिलं की लगेच दिसतो, त्यात फार शोधण्यासारखं काही नाही.

कापड ठीक आहे, तरी रेघ बुडापर्यंत पोचत नाही

आता प्रश्न जागेचा. बाटली आडवी गोल असली तरी उभ्या दिशेने ती साध्या आरशासारखीच वागते. आरशात पूर्ण उंची भरायला स्ट्रिप किती लांब हवी याचा हिशेब सोपा आहे: बाटलीची उंची गुणिले (कॅमेऱ्याचं अंतर अधिक स्ट्रिपचं अंतर) भागिले कॅमेऱ्याचं अंतर. ३० सेंमीची बाटली, कॅमेरा दीड मीटरवर, स्ट्रिप ५० सेंमीवर, तर ४० सेंमी स्ट्रिप पुरते. म्हणजे ९० सेंमीची स्ट्रिपसुद्धा भरपूर झाली. मग रेघ तुटते का?

कारण कॅमेरा वरून बघत असतो. झाकण आणि बाटलीचा खांदा दिसावा म्हणून कॅमेरा थोडा वर नेऊन खाली वाकवलेला असतो. नजर खाली जाते, बाटलीवर आपटते आणि पलीकडेही खालीच उतरत जाते. १५ अंश वाकवलेल्या कॅमेऱ्याची नजर बाटलीपासून ६० सेंमी जाईपर्यंत सुमारे १६ सेंमी खाली उतरते. बाटलीचं बूड टेबलावर असेल तर त्या बुडात दिसायला स्ट्रिपचं टोक टेबलाच्या पातळीच्या १६ सेंमी खाली असायला हवं. आपण मात्र स्ट्रिपचं खालचं टोक टेबलाला टेकवून समाधान मानतो, आणि मधे टेबलाची कडही येते.

उपाय दोन. एक, बाटली टेबलाच्या कडेला, किंवा टेबलावर ठेवलेल्या अरुंद ठोकळ्यावर उंच करून ठेवा आणि स्ट्रिप तिच्या बुडाच्या खालपर्यंत उतरवा. दोन, कॅमेरा बाटलीच्या कमरेच्या उंचीवर आणा आणि लेन्स सपाट ठेवा. झाकण वरून दाखवायचंच असेल तर पहिला. बाकी वेळी दुसरा निम्मा त्रास वाचवतो, शिवाय बाटली खाली निमुळती होत गेल्यासारखी दिसत नाही.

शंका असेल तर कॅमेऱ्यावर विश्वास ठेवू नका. लेन्सच्या जागी एक डोळा नेऊन बाटलीकडे बघा आणि सोबतीला स्ट्रिपवरून वरपासून खाली हात फिरवायला सांगा. हात बाटलीत जिथे दिसायचा थांबतो, तिथे स्ट्रिप कमी पडते आहे. यात फ्लॅशही लागत नाही, मॉडेलिंग लॅम्प पुरतो.

रेघ बाटलीच्या मधल्या बाजूला सरकून लेबलावर चढत असेल तर स्ट्रिप फार पुढे आहे. ढोबळ हिशेब असा: स्ट्रिप कॅमेऱ्याच्या बाजूने ४५ अंशांवर असेल तर रेघ मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या ३८ टक्क्यांवर पडते, बरोबर बाजूला ९० अंशांवर असेल तर ७० टक्क्यांच्या आसपास, आणि बाटलीच्या मागे १३५ अंशांवर नेली तर ९२ टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ कडेला. म्हणून चकचकीत लेबल असेल तर स्ट्रिप मागे न्या. कागदी मॅट लेबलाला एवढी काळजी नाही.

रेघ सारखी आहे, पण फारच पांढरीफटक

इथे बहुतेकांचा हात उलट्या दिशेला जातो. रेघ जळते म्हणून ते स्ट्रिप लांब नेतात, आणि रेघ तेवढीच जळकी राहते. वर कापडाच्या फोटोबद्दल सांगितलं तेच इथे लागू आहे: प्रतिबिंबातल्या कापडाचा उजेड अंतराने बदलत नाही, त्याचा फक्त आकार लहान होतो. लेबलाचा कागद मात्र प्रतिबिंब दाखवत नाही, तो पडलेला प्रकाश सगळीकडे उधळतो, म्हणून त्याचा उजेड अंतराबरोबर झपाट्याने घटतो. छोट्या दिव्याच्या बाबतीत अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौथाई, म्हणजे दोन स्टॉप कमी. लांब स्ट्रिप जवळ असेल तर घट त्याहून थोडी कमी, पण दिशा तीच.

म्हणजे स्ट्रिप लांब नेली की लेबल काळवंडतं, तुम्ही ते वर आणायला पॉवर वाढवता आणि रेघ आणखी जळते. उलट करा. स्ट्रिप एक मीटरवरून ५० सेंमीवर आणा. लेबल दीड स्टॉपच्या आसपास उजळेल, रेघ आहे तेवढीच उजळ राहील, फक्त रुंद होईल. आता पॉवर तेवढीच कमी करा. लेबल जागेवर येईल आणि रेघ दीड स्टॉपने खाली उतरेल. रुंदी नको असेल तर स्ट्रिपच्या एका कडेला काळा पुठ्ठा लावून ती अरुंद करा.

संत्र्याच्या सिरपसारखा पारदर्शक रंग असेल तर बाजूच्या रेघांनी आतला रंग खुलत नाही, तो मागून उजेड दिल्यानेच खुलतो. बाटलीच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, बाटलीच्याच आकाराचा चंदेरी किंवा पांढरा पुठ्ठा तिरपा उभा करा. हा स्वतंत्र विषय आहे, पण रेघ गडद ठेवूनही बाटली मेलेली दिसत असेल तर तक्रार बहुतेक इथली असते.

रेघेची कड मऊ हवी असेल, म्हणजे एका बाजूने धारदार आणि दुसऱ्या बाजूने विरत गेलेली, तर स्ट्रिप आणि बाटलीच्या मधे ट्रेसिंग पेपरची मोठी शीट ताणून टांगा. मग बाटलीत कापड दिसत नाही, कागद दिसतो. स्ट्रिप कागदापासून २०-३० सेंमी मागे ठेवून थोडी तिरपी केली, की कागदावर उजेडाचा उतार तयार होतो आणि तोच बाटलीवर उमटतो. मधला ठिपकाही यात बराच विरघळतो. कागदाला एकही घडी नको, ती रेघेत जशीच्या तशी दिसते. म्हणून गुंडाळीतला कागद घ्या, घडीचा नको.

ग्रिड: बाटलीला नको, माणसाला हवा

बाटलीच्या रेघेत बारीक चौकडा दिसत असेल तर पुढचा कापडी ग्रिड (प्रकाश बाजूला पसरू न देणारी चौकोनांची जाळी) काढा. काच त्याचंही प्रतिबिंब दाखवते, आणि ते कोणी मुद्दाम मागत नाही. स्टीलची भांडी आणि इतवारीच्या सराफांकडचे गुळगुळीत सोन्याचे कडे यांनाही हेच लागू.

माणसाचा फोटो काढताना गणित उलटं होतं. लग्नाआधीच्या शूटमध्ये किंवा कॅटलॉगच्या साडीला मागून दोन स्ट्रिप लावून खांद्यावर आणि केसांवर उजळ कड आणतात. तिथे तीन तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. नाकाच्या शेंड्यावर पांढरा डाग: स्ट्रिप मागे पुरेशी गेलेली नाही, ती आणखी मागे न्या, किंवा माणसाने तिच्याकडे तोंड फिरवलेलं आहे. सगळा फोटो दुधाळ: स्ट्रिप थेट लेन्समध्ये बघते आहे. लेन्सच्या जागी डोळा न्या, पांढरं कापड दिसलं तर मधे काळा पुठ्ठा उभा करा किंवा ग्रिड लावा. ग्रिडने साधारण एक स्टॉप किंवा थोडा जास्त प्रकाश खाल्ला जातो, तेवढी पॉवर वाढवा. लेन्सवर हाताची सावली धरून एक फ्रेम घेतली आणि काळा रंग परत काळा झाला, तर निदान पक्कं.

तिसरी तक्रार खास आपल्या छोट्या खोल्यांची. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात दहा बाय बाराच्या खोलीत स्टुडिओ थाटला, चुना पांढराशुभ्र, छत खाली. स्ट्रिपचा जो प्रकाश माणसाला चुकवून जातो तो भिंतीवर आपटून परत येतो आणि ज्या बाजूला अंधार हवा तिथेच भरतो. स्ट्रिप कितीही बारीक घ्या, खोलीच मोठा सॉफ्टबॉक्स होऊन बसते. ग्रिड लावा आणि कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना काळं मखमल किंवा काळे रंगवलेले थर्माकोल उभे करा. साधं काळं सुती कापड दिव्यात राखाडी दिसतं, मखमल प्रकाश खाऊन टाकतं. पैसे एकदाच जातात.

उभ्या माणसाला एकच १२० सेंमीची स्ट्रिप लावून पायांची कड विझत असेल, तर तिचा मध छातीवर नाही, कमरेवर आणा आणि स्ट्रिप थोडी मागे सरकवा. तरी भागत नसेल तर १६० सेंमीची स्ट्रिप लागते, दुसरा इलाज नाही.

बाटलीच वाकडी असली तर

सगळं तपासून झालं आणि रेघ तरी नागमोडी दिसते? बाटली हातात घेऊन फिरवा. स्वस्त काचेची जाडी सगळीकडे सारखी नसते आणि साच्याच्या दोन उभ्या शिवणी असतात. शिवण रेघेवर आली की रेघ तुटते. शिवणी बरोबर बाजूला किंवा मागे जातील अशी बाटली फिरवा आणि लेबल त्यानुसार पुन्हा चिकटवायला लावा. गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा, की लेबल न लावलेल्या दहा-बारा बाटल्या आणि सुटी लेबलं पाठवा. त्यातून चांगल्या काचेची एक निवडायची. प्लास्टिकच्या बाटल्या मे महिन्यात टेम्पोत उन्हात राहिल्या तर त्यांना पोचे पडतात. तो पोचा कुठल्याच दिव्याने लपत नाही.

उन्हाळ्याचं खास प्रकरण

फेब्रुवारीत ठीक असलेली स्ट्रिप मे महिन्यात बिघडते, यात नवल नाही. ४५ अंशांच्या दुपारी बंद गाडीच्या डिकीत पडलेल्या सॉफ्टबॉक्सच्या वेल्क्रोचा गोंद मऊ होतो आणि पट्टी कापडावरून सरकते. पुढचं कापड एका कोपऱ्यात सैल पडतं, उजेडाचा पोत त्या टोकाला बदलतो आणि रेघेत हलकी लाट दिसते. गोंद पुन्हा लावू नका, पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा सुटणार. वेल्क्रो शिंप्याकडून दुहेरी शिलाईने शिवून घ्या.

कूलरचा झोत स्ट्रिपवर सोडू नका. कापड फडफडतं आणि दोन फ्रेममध्ये रेघ वेगळी येते, मग फोकस स्टॅकिंग किंवा दोन फ्रेम जोडण्याचं काम असेल तर बोंब. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर कूलरच्या दमट हवेत क्षणात धुकं चढतं, तेव्हा बाटली खोलीच्या तापमानालाच ठेवा. थंडावा दाखवायचा तर ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात घेऊन फवारा, ते थेंब लवकर वाळत नाहीत.

एक स्ट्रिप पिवळट आणि दुसरी पांढरी दिसत असेल तर व्हाइट बॅलन्सच्या नादी लागू नका, दोन्ही एकदम बरोबर होणार नाहीत. पुढची कापडं एकमेकांत बदलून बघा. पिवळेपणा कापडाबरोबर दुसरीकडे गेला तर कापड जुनं झालं, नवीन शिवून घ्या, आणि दोन्ही एकाच ताग्यातून शिवा. पिवळेपणा जागेवरच राहिला तर नळी जुनी झाली आहे किंवा दोन दिवे वेगवेगळ्या पिढीचे आहेत. तेव्हा एकाच जातीचे दोन दिवे बाजूच्या रेघांना लावा आणि वेगळा निघालेला दिवा मागच्या पुठ्ठ्यासाठी वापरा. संत्र्याच्या सिरपमधून आलेला उजेड तसाही पिवळाच असतो.